काळ्या पाण्यावरचे पतंग

अंदमानात जंगल खात्याचा कारकून म्हणून काही वर्षे लाकडांचा हिशेब लिहून मी जळगावला परत आलो, तेव्हा लोक माझ्याशी फार जपून वागू लागले. पानवाला पैसे मागेना. एका नानांनी तर दबक्या आवाजात विचारले, "खून एकच होता ना?" काळ्या पाण्यावर माणूस पगार घेऊनही जातो, हे कोणाच्या गळी उतरेना. आधी मी हसलो, मग सांगून सांगून थकलो. पुढे दारावरून जाणारी बाई पोराला पदराआड घेऊ लागली, तेव्हा हसू संपले.

बेटावर मला सोबत पतंगांची. तिथल्या साहेबाला हॉकमॉथचा नाद होता. ससाण्यासारखी झेप घेणारे हे जाडजूड पतंग. आपल्याकडे तिळाच्या पिकावर शेपटीला शिंग असलेली अळी दिसते, ती ह्यांचीच. पंखांतल्या शिरा, मिशा, पायांवरचे काटे पाहून जात लावायला त्याने मला शिकवले. आमच्याकडे माणसाची जात काढली की डोकी फुटतात. मी मात्र रोज बिनबोभाट काढत होतो. पलीकडच्या लहान बेटावरचा एक पतंग कुठल्याच जातीत बसेना. मोठ्या बेटावरच्या त्याच्या भाऊबंदांच्या मागल्या पंखावर काळा पट्टा, ह्याच्या नाही. एखादा बिनपट्ट्याचा निघायचाच, म्हणून आणखी धरले. तेही तसेच. साहेबाने त्यांतले काही विलायतेला पाठवले, बाकीचे मला दिले.

गावी माझी चिंता वेगळीच होती. लग्न लहानपणीच झालेले. बायको चोपड्याजवळ माहेरी, नांदायला यायच्या वयाची. पण सासरे पाठवीनात. निरोप गेले की उत्तर एकच, बघू. मला ती हवी होती. खोटे कशाला बोलू, घरात आपल्याशिवाय कोणाच्या तरी बांगड्या वाजाव्यात, एवढ्यासाठी जीव तुटत होता. शेवटी पतंगांची पेटी काखेत मारून मी स्वतःच गेलो. मनात म्हटले, आता पुरावाच दाखवू.

सासऱ्यांनी ओट्यावर बसवले, पाणी दिले. मी पेटी उघडली. टाचण्यांवर पंख पसरून बसवलेले पतंग ओळीने होते. "आबा, तिथे मी नोकरी करत होतो, आणि फावल्या वेळात हे," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ पाहिले. "जवाईबुवा, पाखरे धराकरता सरकार मानुसले काया पानीवर धाडी का? खरं सांगा, कोनले मारं?"

"कोणालाच नाही."

तेवढ्यात बायको दाराआडून पुढे आली. पदर सावरत पेटीवर वाकली आणि मला विचारले, "या बठ्ठा तुम्हीच मारात का?"

ती माझ्याशी प्रथमच बोलत होती. आवाज गोड होता. मला वाटले, चला, हिला तरी ह्यात गोडी आहे. मी फुशारकीने म्हणालो, "हो, सगळे मीच. एकाचाही पंख मोडू दिला नाही."

ती मागे सरली आणि आत गेली. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता झाकण लावले. पुढे पंचांसमोर फारकत झाली आणि तिचा दुसरीकडे पाट लावून दिला. मला राग आला, आणि तो बरेच दिवस राहिला. तिचा नाही, त्या "सगळे मीच" म्हणणाऱ्या तोंडाचा.

साहेबाकडून विलायतेचा निकाल कळला त्या दिवशी मी भाकरी थापत होतो. जात नवीच होती, जगात कोणाला ठाऊक नसलेली. पिठाच्या हाताने तसाच दारात आलो. गल्लीत ओळखीची माणसे होती. त्यांना काय सांगणार? मला नवी जात सापडली म्हणून? त्यांनी मान डोलावली असती, आणि ती जरा लांबून गेली असती. मग आत येऊन चुलीलाच सांगितले, "नवी निघाली बरं का."