बैलांच्या मडक्यातलं मीठ

जानेवारी १९५५, संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस. मळ्यातल्या विहिरीवर धुणं धूत होते. नवऱ्याचं धोतर दगडावर आपटायला उचललं, तर सोग्याला गाठ. सोडून पाहिली. आत खडेमीठ.

यांना मंगरूळपीरच्या डॉक्टरांकडे दाखवून तीन आठवडे झाले होते. हृदय दमलं आहे, पायांत पाणी उतरतं आहे, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, मीठ जवळजवळ बंद, लोणचं-पापड अजिबात नाही, तेल बेताचं, पालेभाजी रोज, आणि एका वेळी पोट तुडुंब भरायचं नाही. परतताना मोटारीत माझ्या डोळ्यांपुढे थोरल्या दिरांचे पाय होते. तेही असेच सुजले होते. अशक्तपणा समजून आम्ही त्यांना तेलाची तर्री आणि लोणचं वाढत राहिलो. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

म्हणून मी कडक झाले. घरातलं मीठ कोठीत ठेवून किल्ली कमरेला लावली. आमच्याकडे चांगली भाजी बाजाराला जायची आणि घरात ठेचा-भाकरी असायची. आता मेथीची पहिली जुडी मी घरी ठेवू लागले. यांची भाजी चुलीवर वेगळ्या गंजात शिजायची, अळणी. रोज संध्याकाळी यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून बघायची. खळगा पडायचा, तो लवकर भरायचा नाही. गोळ्यांवर संशय घेतला, डॉक्टरांवर घेतला. मिठावर घेतला नाही, कारण किल्ली माझ्याजवळ होती.

ओलं धोतर तसंच घेऊन वांग्याच्या वाफ्यात गेले.

"हे मीठ कुठलं?"

"बैलाच्या मडक्यातलं." ते खुरपं चालवतच राहिले. गोठ्यातलं बैलांना चारायच्या मिठाचं मडकं मी विसरलेच होते. "डॉक्टरनं बैलाले काई मना नाई केलं."

"मंग तुमी बैल आहात काय?"

"तू रांधते ते बैलबी खात नाई वं."

मला हसू आलं नाही. एवढं बोलून ते बांधावर टेकले आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागले. तो आवाज मी दिरांच्या खाटेपाशी ऐकला होता.

थोरली जाऊ शेजारच्या वाफ्यात कोथिंबीर खुडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याच्या ताटात अळनी, अन् तुया ताटात लोनचं. समोर बसून मिटक्या मारतं सारं घर. मानूस चोरून नाई खाईन तं काय करीन?"

"त्यायच्याच जिवासाठी करून राह्यली ना मी!"

"तू तं चाखून पाह्यलं काय कधी?"

नव्हतं पाहिलं. तीन आठवडे रांधलं, एक घास खाल्ला नव्हता. संध्याकाळी त्यांच्या गंजातली भाजी भाकरीवर घेतली. दुसरा घास गिळवेना. शिजवलेला पाला, बाकी काही नाही. ही भाजी मी त्यांना दोन्ही वेळा वाढत होते आणि वर रागावत होते. हे असंच चाललं तर ते कुठून ना कुठून मीठ मिळवणार, आणि आज ना उद्या मी जावेसारखी एकटी बसणार, हे मला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर एकच गंज चढवला. मेथी, मुगाची डाळ, ठेचलेला लसूण भरपूर, जिरं, तेल पळीभर नव्हे, चमचाभर. मीठ कुणालाच नाही. उतरवून वर लिंबू पिळलं. चाखलं, आणखी अर्धं पिळलं. बैलांचं मडकं उचलून कोठीत ठेवलं आणि बैलांच्या वाट्याचं मीठ माझ्या हातानं बैलांना चारून आले. मग भाकरी बांधून मळ्यात गेले, यांच्यासमोर बसून तीच भाजी खाल्ली. जाऊही बसली. यांनी दोनदा माझ्या हातातल्या भाकरीकडे पाहिलं, मग तेही जेवले.

हात धुतल्यावर मी त्यांचा पाय पुढे ओढला आणि अंगठा दाबला.