मामाचा कान

साऱ्या मराठवाड्यात यंत्राचं दुखणं नुसत्या कानानं ओळखणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमचा मामा होता. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बेरिंगांना तेल घालायचं काम त्याच्याकडे. बाजारातल्या हॉटेलात बशीतला चहा फुरकताना तो मधेच बोट वर करी, "तिसरं जिन कोरडं पडलंय" म्हणे आणि चहा तसाच टाकून निघे. तिकडं खरंच तिसरं जिन कोरडं निघे. निजामाचं राज्य गेलं, जिनाचा मालक बदलला, मामाचा कान बदलला नाही. मात्र एक आवाज या कानाला जन्मात ऐकू आला नव्हता : झोपेत स्वतःचे दात खाण्याचा.

मामी गेल्यावर मामानं घराला कडी घातली आणि माणसांत झोपायला मिळावं म्हणून जिनातच मुक्काम हलवला. हंगामात जिनं रात्रंदिवस चालत, तेव्हा त्या घरघरीत कुणाला पत्ता लागला नाही. पण बाजारच्या दिवशी जिनं बंद. अशाच एका दुपारी करकर ऐकून नवा वॉचमन तेलाची बुधली घेऊन शेडभर धावला, आणि शोधत शोधत मामाच्या तोंडापाशी येऊन थांबला. "मामा, उठा! तुमच्यात तेल घालू का?" सगळी शेड हसली. पण दुसऱ्या दिवसापासून गड्यांनी आपापली घोंगडी एकेक करून पार त्या टोकाला नेली.

मामाला ते पटेचना. "तीस वरसं तुजी मामी शेजारी झोपली. कवा बोलली का?" हा त्याचा बिनतोड सवाल. तरी उपाय सगळे केले. जंत असतील म्हणून वावडिंग खाल्लं. हकीमसाहेबांनी जबडा गरम फडक्यानं शेकायला लावला, संध्याकाळचा चहा तोडला आणि बजावलं, "होठ बंद रखो, मगर दाँत को दाँत नक्को लगने दो." मग मामा दिवसभर ओठ मिटून, दात सुटे ठेवून, गाल फुगवून हिंडू लागला. मालक काही विचारी, हा नुसतं "हूं" करी. तोंडात पान कोंबून कामावर येतो म्हणून बोलणी खाल्ली. शेवटी त्यानं जिनाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापला, उकळला आणि झोपताना दातांत धरला. इंजिनाच्या ओढीला जे कातडं पुरून उरलं होतं, त्याचे चार दिवसांत दोन तुकडे झाले.

हंगाम संपला, गडी गावोगाव गेले. मी तेव्हा झरीला मास्तर होतो. मामा वळकटी घेऊन माझ्या खोलीवर आला. "आठ दिस ऱ्हातो. तू ऐक आन् खरं सांग. न्हाईतर पुढल्या हंगामाला माझ्याजवळ कोन झोपंल?"

पहिल्याच रात्री मी ऐकलं. तो जागा होऊन बसला.

"बोल मास्तर. खाल्ले का?"

"खाल्ले, मामा."

"लय?"

"लय."

"मग तुजी मामी..." म्हणता म्हणता तो थांबला. त्याचा हात आपोआप गालाकडं गेला. "रोज हात ठिवायची हितं. म्हनायची, तुमच्या गालाला हात लावल्याबिगर मला झोपच लागत न्हाई." बेरिंग चाचपावं तशी बोटं जबड्यावरून हळूहळू फिरली. "मला वाटायचं, तिलाच सवय हाय."

मग स्वतःचाच तळवा गालाखाली घेऊन भिंतीकडं तोंड करून पडला. डोळा लागेपर्यंत खोलीत आवाज नव्हता. झोपेत हात निसटून सतरंजीवर पडला आणि करकर पुन्हा सुरू झाली.

आमच्या दोघांत हातभर अंतर होतं. मी डोक्यावरून पांघरूण ओढलं. हात पुढं केला असता तर पोचला असता.