राजाने दिलेलं घर

गेल्या रविवारी सकाळी, इथे अमेरिकेत, हर्नडनला आमच्या डायनिंग टेबलाशी बसून, मला हिमाचलमधल्या एका आजोबांना वाईट बातमी सांगायची होती... लाकडाच्या वयाची.

माझी मुलगी ईशा इथल्या युनिव्हर्सिटीत जुन्या लाकडाचं वय शोधते. सध्या काम चालू आहे ते हिमालयातल्या जुन्या घरांवर. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, अशी ती घरं.

तुळईतून ड्रिलने पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढायची, घासून गुळगुळीत करायची आणि मायक्रोस्कोपखाली तिच्यातली वर्षावर्षाची वलयं बघायची. अगदी सालीखालचं शेवटचं वलय मिळालं, की झाड कधी तोडलं ते कळतं. कांड्या मोडू नयेत म्हणून ती त्या कागदी स्ट्रॉमध्ये ठेवते. हल्ली आमच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नसते.

नेगीजी नावाच्या त्या आजोबांनी मागच्या वर्षी तिला आपल्या घरात ड्रिल चालवू दिलं... सगळं गाव नको म्हणत असताना. अट एकच, "जे निघेल ते आधी मला सांगायचं." घर पाचशे वर्षांपूर्वी राजाने बांधून दिलं, असं त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत.

निघालं भलतंच. दीडशे वर्षंसुद्धा नाहीत! आणि कांड्या होत्या चारही भिंतींच्या तळाच्या तुळयांच्या. वरचं सगळं घर उतरवल्याशिवाय त्या बदलताच येत नाहीत. म्हणजे शंकेला जागाच नाही.

ईशाचं हिंदी कच्चं, म्हणून बोलायला मी बसले. मी तोंडावर स्पष्ट बोलते, त्यापायी काही जणांनी मला इथे फेसबुकवर अनफ्रेंडही केलंय. पण स्क्रीनवर नेगीजी ठेवणीतली टोपी घालून, बायको-नातवंडांना मागे बसवून वाट बघत होते... आणि माझी जीभ अडली.

"घर बहुत पुराना है, भाईसाहब. ठीक-ठीक कहना मुश्किल है," मी म्हणून टाकलं.

"आई! दॅट्स नॉट व्हॉट आय सेड." तेवढं हिंदी ईशाला कळत होतं. मग मोडक्यातोडक्या शब्दांत तिनेच सांगितलं, "दादाजी, सॉरी. पाँच सौ नहीं. डेढ सौ भी नहीं. पक्का." आणि एक कांडी कॅमेऱ्यासमोर धरून ते शेवटचं वलय दाखवलं.

मी ईशाला टेबलाखालून चिमटा काढला... आता फोन ठेवणार ते, आणि पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

नेगीजींनी बोटांवर पिढ्या मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग हळूच म्हणाले, "तो राजा ने नहीं... मेरे परदादा ने बनाया. और हम सारी उम्र राजा का एहसान मानते रहे!"

मागून त्यांच्या बायकोने टोला हाणला, "रिश्ता तो राजा का घर बताकर किया था!" सगळे हसले. नेगीजी हसले नाहीत. ते फोन घेऊन खाली गेले, तळाच्या तुळईवर हात ठेवला आणि धाकट्या नातवालाही ठेवायला लावला. त्याला काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तुळईवरून हात मात्र बराच वेळ उचलला नाही.

इथे वाढलेल्या मुलांना आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलावं ते कळत नाही, असं मी नेहमी म्हणते. ईशाने खरं सांगितलं आणि त्यांना त्यांचे पणजोबा मिळाले. माझ्यावर सोडलं असतं, तर घर राजाचंच राहिलं असतं...