माहेरचा रकाना

परवा ऑफिसात एका लाल ओळीने माझा दिवस खाल्ला. आम्ही एका प्रसूतिगृहाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कोणत्या तक्त्यात कोणते रकाने असावेत, हे कोडच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. एखादी ओळ काढायला घेतली की ती पडद्यावर लाल होते आणि शेजारी लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. ओळ होती 'माहेर', नाव होतं आमच्या सहकारी नलिनीचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, मग पत्ता तिथलाच हवा, असं भांडून तिने तो रकाना घातला होता. "तुमचं माहेर तुमच्याच घरात असतं, तुम्हाला काय कळणार!" असा टोलाही मला हाणला होता. नलिनी गेल्या वर्षी वारली. तिच्या बाकीच्या ओळी आम्ही बदलत बदलत संपवल्या, ही शेवटची.

"सर, हा रकाना आता कुणी भरतच नाही. काढू ना?" टीममधल्या धाकट्या ऋचाने विचारलं.

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पोरी, माहेर तोडतेस?"

ती खळखळून हसली. "काढलेलंही फाईलच्या इतिहासात राहतं की, सर. कधीही बघता येतं."

बघता येतं, हे खरंच. जाता येत नाही, एवढंच.

"काढ," मी म्हणालो.