इंझोरीत हजर, फोनवर आसेगावात

कारंजा लाडहून सुटलेली एसटी कापसाच्या गाड्यांमागे अडकत इंझोरीला पोचली. उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रस्त्याकडेला कुटाराचे (सोयाबीनच्या भुशाचे) ढीग होते. एक पाय अनवाणी टाकत मी पाळणाघर शोधलं.

फोनचं ठिकाण ओळखणारी प्रणाली बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी काम करते. सोंगणीला (पिकाच्या कापणीला) आलेल्या मजुरांची मुलं इथे वनिताबाई सांभाळतात आणि बाईंची स्वतःची हजेरी आमच्याच प्रणालीवर लागते. गेले काही आठवडे फोन त्यांना दूरच्या आसेगावात दाखवत होता. पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेने त्यांना गैरहजर धरलं होतं आणि माफीनामा मागितला होता. नाही दिला तर काम जाणार होतं.

वनिताबाई दारातच भेटल्या. कडेवर एक मूल, हातात खिचडीची वाटी.

"पुण्याहून आल्या ना तुमी? पाहून घ्या, मी इथंच हाओ."

"हजेरी अंगणात जाऊन लावली तर? मोकळ्या आभाळाखाली उपग्रह नीट सापडतात," मी म्हणाले.

"संस्थेच्या सायबानंबी तेच सांगतलं. लेकरं आत, चूल आत, अन् मी बाहेर काहून उभी राहू? फोननं लेकरायपाशी याव."

मी आत गेले. स्लॅबखाली उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. अशा वेळी फोन जवळच्या वायफायच्या डब्यावरून ठिकाण ठरवतो, कारण कुठला डबा कुठे आहे याची नोंद आमच्याकडे असते. भिंतीवर तसा एक डबा लुकलुकत होता.

"हा कुठून आला?"

"आसेगावचं पाळणाघर बंद झालं, तिथून सायबानं पाठवला."

डबा इथे आला होता, पण आमच्या नोंदीत तो अजून आसेगावातच होता.

मी वरिष्ठांना फोन लावून हे सांगितलं. ते म्हणाले, "डबा बंद करायला सांगा. अहवालात वापरातली चूक लिहा, विषय संपवा."

स्पीकर चालू होता. वनिताबाई शांतपणे म्हणाल्या, "चूक माही नाही. तसं लिहाल तर मी सही करणार नाही."

"मीही करणार नाही," मी वरिष्ठांना सांगितलं. तिथेच सतरंजीवर बसून अहवाल लिहिला: चूक आमच्या नोंदीची, बाई रोज कामावर. तो कंपनीला आणि संस्थेला एकदमच पाठवला.

वनिताबाईंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे केला. दोन घासांत डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात संस्थेच्या साहेबांचा फोन आला.

"गैरहजेरी काढतो, बाई. पण वाद नको म्हणून माफीच्या दोन ओळी लिहून द्या."

"माफी तुमी मागा. मी लेकरायले जेवू घालून राह्यली," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

गैरहजेरी दुपारीच निघाली. माफी मात्र साहेबांनीही मागितली नाही.

परतीच्या एसटीत वरिष्ठांचा निरोप आला: उद्या खुलासा द्या. देईन. उपग्रह आणि भिंतीवरचे डबे मिळून माणसाच्या ठिकाणाचा अंदाज करतात, आणि अंदाज चुकतो. त्या अंदाजाच्या जोरावर कुणाला एखाद्या बाईला 'तू इथे नाहीस' म्हणायचं असेल, तर त्याने आधी तिच्या दारापर्यंत यावं आणि ते तिच्या तोंडावर म्हणून दाखवावं.