जाळीतून आलेलं पाणी

पप्पांचं दुकान स्नेहलतागंजमधल्या एका कमर्शियल इमारतीच्या तळघरात होतं. वाजवायच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचे ते. आजोबा महूला फौजेच्या बँडमध्ये होते, त्यांच्याकडून पप्पांना सुराचा कान आला. पण नोकरी त्यांनी बँकेत केली, आणि रिटायर झाल्यावरच हे दुकान टाकलं. आईला वाटलं होतं, चार दिवसांचा शौक आहे. पण ते रोज डबा घेऊन जात आणि दिवेलागणीला असे खूश होऊन परतत, जसे बँकेतून कधी आले नव्हते.

मी राऊच्या कॉलेजात शिकवते. घरी जाताना त्यांना स्कूटरवर घ्यायला थांबायची. पायऱ्या उतरतानाच सरसाचा वास यायचा. पेटीच्या भात्याला चामड्याच्या पट्ट्या चिकटवायला ते सरस वापरत. शेजारच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या एक बाई बसत. त्या पप्पांना ‘भाईसाब’ म्हणत आणि मशीन थांबवून अधूनमधून विचारत, “कोणाचा बाजा आहे आज?”

तळघर मुळात गाड्या ठेवायला बांधलेलं, मागाहून तिथे दुकानं काढली. मागच्या कोपऱ्यात सगळ्यांचं मिळून एक बाथरूम, आणि बाहेर फरशीत एक लोखंडी जाळी. पुसलेलं पाणी तिच्यातून जायचं. वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणीही त्याच फरशीखालच्या पाइपातून रस्त्यावरच्या चेंबरला मिळत होतं. दिसत नव्हतं, म्हणून कोणाच्या ध्यानात नव्हतं.

सगळ्यांना भीती होती ती रस्त्याची. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं की ते पायऱ्यांवरून खाली येईल, म्हणून तोंडाशी सिमेंटचा बांध घातलेला. शिवाय रेतीच्या गोण्या. एका वर्षी मोठा पाऊस झाला. बांधाने रस्त्याचं पाणी बरोबर थोपवलं, आणि त्याच वेळी मागे जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर आलं. तळवे भिजतील इतकंच, पण वास आठवडाभर गेला नाही.

प्लंबर येऊन बघून गेला. म्हणाला, रस्त्यावरची लाइन भरली की पाणी उलटं फिरतं, आणि सगळ्यात खाली तुम्ही आहात. पाइपात एक व्हॉल्व्ह बसवून घ्या, पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही.

इमारतीच्या मीटिंगला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी दाराशी उभी होते. त्यांनी समजावून सांगितलं, “भात्याला आतून एक झडप असते बघा. हवा आत घेते, परत सोडत नाही. तसंच हे आहे. अवघड काही नाही.”

वरच्या मजल्यावरचे एक ऑफिसवाले हसले. “अंकलजी, आपको तो हर चीज़ में बाजा दिखता है.” मग सगळेच हसले, पप्पाही. तळघराचं काम तळघरवाल्यांनी बघावं असं कोणीतरी म्हणालं. शेवटी ‘दिवाली के बाद देखेंगे’वर मीटिंग संपली. ती दिवाळी गेली, आणि पुढचा पावसाळा आला.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा गुडघाभर पाणी रस्त्यावर होतं. चौकीदाराने बिजली बंद केलेली, कारण पाणी बोर्डापर्यंत चढायला लागलं होतं. त्याबरोबर पाणी उपसायची मोटरही बंद. फॉल-पिकोवाल्या बाई पायऱ्यांवर उभ्या राहून रडत होत्या. “भाईसाब निकल नहीं रहे,” त्या मला म्हणाल्या. “मेरी साड़ियाँ निकलवा दीं, और खुद अंदर हैं.”

मी खाली उतरले. पाणी मागच्या जाळीतूनच वर आलेलं, मांडीपर्यंत, आणि त्यात काय काय तरंगत होतं ते मी सांगत नाही. पप्पा एक पेटी दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवू बघत होते. फळी आधीच भरलेली.

“पप्पा, चला वर.”

“ही लोकांची आहे गं. ही एवढी ठेवू दे.”

“पाणी वाढतंय पप्पा!”

“लोकांनी विश्वासाने ठेवल्यात.”

मी त्यांचा दंड धरला. तेवढ्यात फळीच एका बाजूने सुटली आणि सगळ्या पेट्या पाण्यात गेल्या. त्या लगेच बुडाल्या नाहीत. भात्यांतली हवा बाहेर पडताना एक-दोन पेट्यांमधून सूर निघाला, लांब, खालच्या पट्टीतला. पप्पा थांबले. मग माझ्याबरोबर वर आले.

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळं गच्चीवर उन्हात मांडलं. लाकूड फुगलं होतं, चामडं सुटलं होतं, सुरांच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडत होत्या. पप्पांच्या पायाला पत्र्याने कापलं होतं. ती जखम चिघळली, आणि ताप उतरेपर्यंत ते दवाखान्यात होते. घरी आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हेच: “पेट्या परत द्यायला जायचंय.”

“फोन करून सांगू या ना,” आई म्हणाली.

“फोनवर कसं सांगणार?”

रिक्षात पेटी ठेवून आम्ही घरोघरी गेलो. कोणी चिडलं, कोणी नुसतंच दार लावलं. पप्पा प्रत्येक ठिकाणी हात जोडून सांगत, “माझ्या ताब्यात असताना खराब झाली.” पाणी कुठून आलं, मीटिंगमध्ये काय झालं, यातलं अवाक्षर नाही.

अन्नपूर्णा भागात एक म्हाताऱ्या आजी होत्या. यजमान गेल्यानंतर त्यांची पेटी सुरात लावून घ्यावी म्हणून त्यांनी ती दिली होती. वाजवणारं घरात कोणी नव्हतं. आजींनी पेटीवरून हात फिरवला. वास त्यांनाही आला असणार.

“आता नाहीच वाजणार का हो?”

“नाही, आई,” पप्पा म्हणाले. त्यांना कोणाला असं आई म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“असू दे. इथे ठेवा,” आजींनी पलंगाशेजारची जागा दाखवली. “रोज पुसायची सवय आहे मला.”

रिक्षात बसल्यावर पप्पा तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.

सगळ्यात शेवटी उरली आजोबांची, महूहून आणलेली. त्या दिवशी ती जमिनीवरच होती. पप्पांनी आधी लोकांच्या पेट्या उचलल्या, तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्यांनी ती स्वतः खाली नेली. गाडीवरच्या बाईने विचारलं, “बाबूजी, ये गीला है कि सूखा?”

पप्पा हातातल्या पेटीकडे बघत उभे राहिले. मागे लोक डबे घेऊन खोळंबले होते. मग त्या बाईनेच ती हळूच त्यांच्या हातातून घेतली.

पुढल्या पावसाळ्याआधी इमारतीत व्हॉल्व्ह बसला. तळघरातलं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरून वरच्या मजल्यांची लिफ्टही बंद पडली होती, त्यामुळे सगळ्यांनाच घाई झाली. त्या वर्षीही धो धो पाऊस झाला, आणि फॉल-पिकोवाल्या बाईंचा फोन आला. तळघर कोरडं होतं, अगदी एक थेंबही नाही. मी पप्पांना सांगितलं.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “त्यांच्या साड्या असतात तिथे.”

दुकान त्यांनी तोवर सोडलं होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एकदा महूचे एक संगीताचे मास्तर पत्ता काढत घरी आले, दुरुस्तीला पेटी घेऊन. पप्पांनी ती मांडीवर घेतली, भाता हलवला, एकच पट्टी दाबली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“दुसरीकडे दाखवा, मास्तरजी,” शेवटी म्हणाले. “माझ्याकडे नका ठेवू.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना चहा घ्यायला थांबवलं, पण पप्पा उठून आत गेले होते.