झाऱ्याच्या दांड्याचा पाना

नवा पाना विकत आणला की पुनो मेस्त आधी तो ग्राइंडरवर धरायचा. लोक नव्या गाडीला हार घालतात. हा नव्या पान्याची मान कापायचा. साखळी गावातल्या त्याच्या गॅरेजात धड पाना सापडणं मुश्कील. कुणाचा दांडा तोडलेला, कुणाचं डोकं घासून पातळ केलेलं. मेस्त गेल्यावर ती हत्यारं कुणाच्याच कामाला आली नाहीत. मी त्याला रागवायचो, तेव्हा उत्तर ठरलेलं, "जागा ल्हान नासता रे बाबल, पानो व्हड आसता."

अडचणीतला नट हा त्याचा जीव की प्राण. डोळे मिटून आधी हात आत घालायचा, नटाला फिरायला किती वाव आहे ते बोटांनी जोखायचा, मगच हत्यार निवडायचा. दांडा जेमतेम हलत असेल तर बारा कोनांचा रिंग पाना, हात पोचत नसेल तर लांब दांड्याचा पाना. तसा पाना नसेल तर दिसेल त्या वस्तूतून बनवायचा. हा शेवटचा प्रकार घातक होता.

त्याच्या मुलीची लग्नानंतरची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आमच्याकडे अशा वेळी माहेरून सासरी फराळाचं वजें जातं. मेस्ताची बायको शालनवयनी नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, तळायला बसली, तेल तापलं, झारा उचलला, तर हातात नुसती जाळी! दांडा मेस्ताने कापून नेला होता आणि टोकाला पातळ रिंग जोडून पाना केला होता. वर हा गृहस्थ तिला म्हणतो, "नेवरी चमच्यानूय काडूंक येता. तो नट चमच्यान सुटचो नासलो!"

वयनीने बोलणं टाकलं. नवरा समोर बसलेला असताना मला सांगायची, "भावजी, तांकां सांगात, पेज निवता." पहिले एक-दोन दिवस मेस्त मिशीत हसला. मग त्याची मिशीही उतरली. "बोब मारली आसती जाल्यार बरें," तो मला म्हणाला, "घर खावंक येता रे." मला खरोखर त्याची दया आली.

वजें मुलीच्या सासरी, चोपड्याला न्यायचं होतं माझ्या मिनीबसमधून. टोपल्या चढल्या, वयनी बसली, आणि स्टार्टर नुसताच खडखडला. त्याचा बोल्ट ढिला झाला होता. बोल्ट बसखालून आवळायचा, पण त्याचा नट वर, इंजिनामागच्या फटीत. तो कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय बोल्ट नुसता गरगरणार. माझा हात मनगटाशीच अडकला. मेस्ताचा तर त्याहून रुंद, आणि तो बसखाली आडवा झालेला. वयनीने माझ्या हातातून तो झाऱ्याच्या दांड्याचा पाना ओढून घेतला, बांगड्या वर सारल्या आणि हात फटीत घातला.

"नट धरला?" मेस्त खालून ओरडला.

वयनीने मान हलवली. ती त्याला दिसणार कशी?

"बाबल, धरला काय ना?"

वयनीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, पण ऐन वेळी सुबुद्धी सुचली. मी पाठ फिरवून टोपल्या नीट लावू लागलो.

"धरल्याबगर फिरयलो तर तुज्या हाताक लागतलें गो!"

"धरला म्हणटां! कान फुटल्यात काय? फिरयात एकदांचो!"

तरी बोल्ट काही फिरेना. मी वाकून पाहिलं. मेस्त आपल्या हातातला पाना छातीवर ठेवून उताणा पडला होता, गालांवर ऑइल आणि त्यात पाण्याचे ओघळ.

"आयकूंक येना गो, शालन," तो म्हणाला. "परत एकदां सांग."